डुक्कर फियाटचे कुलशील

माणसांप्रमाणे मोटारींनाही नावे ठेवण्याची आपल्याकडे हौस फार. १९५४ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर एक नवी इटालियन गाडी दिसू लागली. तिचे नाक फुगीर, पाठ वाटोळी आणि पुढची दारे उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागल्या अंगाला असलेली. कंपनीच्या कागदोपत्री ती फियाट ११००. पुढे तिला ‘एलिगंट’ म्हणजे डौलदार असेही एक नाव देण्यात आले. लोकांनी एकदाच तिच्या मुखकमलाकडे पाहिले आणि ‘डुक्कर फियाट’ म्हणून तिचे बारसे उरकून टाकले. कंपनीचे नाव विसरले गेले, लोकांचे टिकले. तिची धाकटी भावंडे दिसायला बरी निघाली, तर त्यांना काळापिवळा रंग फासून टॅक्सीच्या कामाला जुंपले. गेली पन्नास-साठ वर्षे ‘फियाट’ हा शब्द मुंबईकराने उच्चारला तो बहुधा बोट वर करून, आणि तेही ‘मीटरने येणार का?’ या प्रश्नाआधी.

अशा या गाडीला मी स्पोर्ट्‌स मोटार म्हणणार आहे.

हे वाक्य वाचून कुणाला चकली खाता खाता ठसका लागला असेल तर ते मी समजू शकतो. स्पोर्ट्‌स मोटार म्हटली की डोळ्यांपुढे उभी राहते ती लालभडक, जमिनीला पोट टेकलेली, जेमतेम दोन माणसांची चैन. जिच्या मागल्या बाकावर आजी, दोन मावश्या आणि त्यांच्या मांड्यांवर तीन मुले बसून गणपतीला गावी जात, तिला कोण शर्यतीची म्हणेल? पण घराण्याचा तपास अंगावरच्या कपड्यांवरून करीत नाहीत, मूळ पुरुष शोधावा लागतो. मोटारीचा मूळ पुरुष म्हणजे तिचे इंजिन.

हे इंजिन जगापुढे आले १९३७ साली, इटलीतील तुरीन शहरात. फियाट कंपनीत दान्ते जाकोसा नावाचा तिशीतला अभियंता होता. त्याने ‘५०८ सी’ नावाच्या मध्यमवर्गीय गाडीसाठी चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन दिले. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. हे दोन आकडे वाचकांनी कृपा करून ध्यानात ठेवावेत. पुढे सहा दशकांनी बनलेली पेट्रोलवरची पद्मिनी उघडून मोजली, तरी हेच दोन आकडे हाती लागतात. मूळ शक्ती होती ३२ अश्वांची. पण इंजिन स्वस्त, सुटे भाग गल्लोगल्ली मिळणारे, आणि जोराने फिरवले तरी कुरकुर न करणारे. इटलीतल्या हौशी कारागिरांना आणखी काय हवे होते? त्यांनी त्याला हात घातला.

त्या हौशी मंडळींत एक गृहस्थ होते एन्झो फेरारी. १९३९ मध्ये ते आल्फा रोमिओ कंपनीपासून वेगळे झाले, तेव्हा चार वर्षे आपल्या नावाने शर्यतीची गाडी काढायची नाही, अशी अट त्यांच्यावर होती. म्हणून मोडेना येथे १९४० साली त्यांनी ज्या दोन गाड्या बांधल्या त्यांवर फेरारी हे नाव नाही. गाडीला म्हणत ‘८१५’, म्हणजे आठ सिलिंडर आणि दीड लिटर. हे आठ सिलिंडरांचे इंजिन उभे राहिले ते फियाट ५०८ सी चे भाग घेऊन. ढोबळ घरगुती भाषेत सांगायचे तर ११०० ची दोन इंजिने एकापुढे एक ठेवल्यासारखे. एप्रिल १९४० मध्ये ब्रेशियाच्या शर्यतीत दोन्ही गाड्या उतरल्या. एकीच्या चाकामागे होता आल्बेर्तो आस्कारी, जो पुढे १९५२ आणि १९५३ असा लागोपाठ दोनदा जगज्जेता झाला. गाड्या पळाल्या छान, मात्र शेवटपर्यंत एकही पोहोचली नाही. ते असो. ज्या फेरारीच्या नावाने आज श्रीमंतांच्या पोरांचे डोळे पांढरे होतात, तिच्या जनकाने स्वतंत्रपणे बांधलेली पहिली गाडी आपल्या टॅक्सीच्या चुलत घराण्यातली होती, एवढे मला सांगायचे आहे.

युद्ध संपले. इटली भुकेली, रस्ते उखडलेले, पेट्रोल औषधापुरते. तशातही तुरीनच्या पिएरो दुझिओ नावाच्या उद्योगपतीला शर्यतीच्या मोटारी काढण्याची हुक्की आली. त्याच्या ‘चिसितालिया’ कंपनीची छोटी एकबैठकी गाडी जाकोसानेच आखली, आणि त्यात बसवले अर्थातच ११०० चे इंजिन, जरा खाऊपिऊ घालून साठ अश्वांच्या आसपास नेलेले. १९४६ मध्ये तुरीनमध्येच या गाड्या प्रथम धावल्या. त्यांपैकी एकीत ताझिओ नुवोलारी बसला होता. या माणसाला आपल्याकडे फारसे कुणी ओळखत नाही. शर्यतीच्या जगात त्याचे स्थान आपल्या क्रिकेटमधल्या कर्नल सी. के. नायडूंसारखे समजावे. ऐन शर्यतीत त्याच्या गाडीचे स्टिअरिंग चाक उपटून हातात आले. नुवोलारीने काय करावे? एका हाताने उरलेला दांडा धरला, दुसऱ्या हाताने ते चाक प्रेक्षकांना दाखवीत तो आपल्या माणसांसमोरून गेला, आणि गाडी चालूच ठेवली! शर्यत जिंकली ती दुझिओने, तीही त्याच जातीच्या गाडीत.

पण नुवोलारीची खरी कहाणी पुढच्या वर्षीची. ‘मिले मिलिया’, म्हणजे हजार मैलांची शर्यत, ब्रेशियाहून निघून रोमला वळसा घालून परत ब्रेशियाला येणारी. अंतर सोळाशे किलोमीटरांच्या वर, आणि मैदान कुठले तर साधे सार्वजनिक रस्ते, घाट, गावांच्या पेठा. १९४७ च्या जून महिन्यात नुवोलारी चोपन्न वर्षांचा होता, प्रकृती ढासळलेली होती. त्याच्या हाती उघडी, बिनछपराची, अकराशेची चिसितालिया. समोर जवळजवळ तीन लिटरची, म्हणजे पावणेतीन पट मोठ्या इंजिनाची आल्फा रोमिओ. म्हातारा रोमपासून पुढे होता. शेवटच्या टप्प्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला, उघड्या गाडीत पाणी शिरले, इंजिनाच्या विजेच्या भागांत ओल गेली आणि गाडी थांबली. ती पुन्हा सुरू होईपर्यंत आल्फा पुढे निघून गेली. नुवोलारी दुसरा आला. इटलीत त्या पहिल्या आलेल्या बिओन्देत्तीपेक्षा या दुसऱ्या आलेल्याचीच आठवण अधिक निघते. पावसाळ्यात सायन-कुर्ल्याच्या पाण्यात डिस्ट्रिब्युटर भिजून बंद पडलेली आणि मग फडक्याने पुसून सुरू केलेली फियाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कथा परकी वाटू नये.

त्याच चिसितालियाची एक बंद छपराची आवृत्ती पिनिन फारिना या कारागिराने घडवली. ती इतकी देखणी निघाली, की १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने कलावस्तू म्हणून ज्या आठ मोटारी मांडल्या त्यांत ती होती. पुढे तशी एक गाडी त्या संग्रहालयाने कायमची ठेवून घेतली.

तर १९५३ साली फियाटने हेच इंजिन ठेवून भोवती नवी, स्वतंत्र सांगाडा नसलेली, सगळा भार पत्र्याच्या पेटीवरच तोलणारी काया चढवली. हीच ‘११००-१०३’, आणि हीच आपली डुक्कर. साधी गाडी ३६ अश्वांची. त्याच वर्षी तिची एक तेज बहीण आली, ‘टुरिस्मो वेलोचे’, म्हणजे वेगवान प्रवासी. अश्वशक्ती पन्नासच्या घरात, वेग ताशी १३० किलोमीटरांच्या पुढे. मिले मिलियात या गाड्या झुंडीने उतरत. घरून बायकोला ‘येतो’ म्हणून निघालेले न्हावी, खाटीक आणि धान्याचे व्यापारी ज्या शर्यतीत धावू शकत, तिला साजेशीच ही गाडी होती. १९५७ च्या भीषण अपघातात प्रेक्षकांचे बळी गेले आणि ती शर्यत बंद पडली.

आता तुरीनहून थेट कुर्ल्याला येऊ. मध्ये वालचंद हिराचंद यांना नमस्कार करून.

सोलापूरच्या या माणसाने जहाजे काढली, बंगलोरला विमानांचा कारखाना काढला आणि मग मोटारीची कास धरली. मोटारीचा कारखाना हिंदुस्थानात व्हावा हे सर विश्वेश्वरय्यांचेही तिशीपासूनचे स्वप्न होते, पण सरकारच्या मनात ते नव्हते. वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. स्वातंत्र्याच्या वर्षी तेथून डॉज, प्लिमथ वगैरे बोजड अमेरिकन गाड्या बाहेर पडू लागल्या. पण गरीब देशाला एवढी पेट्रोलखाऊ जनावरे परवडायची कशी? पन्नाशीच्या आरंभी कंपनी फियाटकडे वळली. १९५३ मध्ये वालचंद गेले. डुक्कर फियाट रस्त्यावर आलेली त्यांनी पाहिली नाही. त्याच सुमारास सरकारने सांगितले, की नुसती जुळणी करणाऱ्यांनी येथे राहू नये, भाग येथेच बनवावेत. जनरल मोटर्सने शिवडीचे बस्तान गुंडाळले. कुर्ल्याने मात्र भाग बनवायला घेतले.

कारखाना नावाला कुर्ल्याचा, पण विद्याविहारच्या किरोळपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे अर्धा आमचाच. घाटकोपरच्या चाळींतून, पंतनगरच्या वसाहतीतून सकाळी डबा घेऊन निघणाऱ्यांत प्रीमियरची माणसे असत. पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत पुढे त्यांचे पुढारी झाले. मिले मिलियाच्या गाडीचे पत्रे येथल्या हातांनी ठोकले, हे मात्र त्या हातांना कुणी कधी सांगितले असेल असे वाटत नाही. कारखान्यातून एकामागून एक नमुने निघाले: सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट. इटलीने दरम्यान अकराशेला रजा देऊन पुढची वाट धरली. आपण तीच गाडी १९७२ नंतर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावाने काढीत राहिलो. गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. नंबर लागलेली चिठ्ठी विकून लोक पैसे मिळवीत. अशा टंचाईत ती पळते कशी हे कोण पाहणार? ती मिळाली, हाच सोहळा!

या टंचाईच्या काळातली एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तिचा एक धागा मात्र सहसा कुणी जोडत नाही. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६४ च्या सुमारास घरच्यांच्या आग्रहावरून एक फियाट घेतली. किंमत १२,००० रुपये. तेवढे जवळ नव्हते, म्हणून ५,००० रुपये पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ काढले. १९६६ च्या जानेवारीत ते ताश्कंदला गेले आणि परत आले नाहीत. ते कर्ज ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात आहे. आणि कुर्ल्याच्या कारखान्यावरून घाटकोपर, भांडुप करीत मुलुंडला जाणारा जो जुना आग्रा रोड, त्याला नाव पडले ते लालबहादूर शास्त्री मार्ग! ज्या रस्त्याला लागून ही गाडी बनली, त्याला तिच्या सर्वांत प्रामाणिक कर्जदाराचे नाव मिळावे, हा योगायोग कुणा कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला ‘फार जुळवून आणलेस’ म्हणालो असतो.

शर्यतीचा गुण मात्र येथेही पुरता मेला नाही. मद्रासजवळ शोलावरम येथे युद्धकाळातली एक ओस धावपट्टी होती. तेथे दरवर्षी मोटारी पळत, आणि त्यांत फियाटी असतच. कुणी इंजिनाचे डोके घासून दाब वाढवी, कुणी दोन कार्ब्युरेटर चढवी. १९४० साली मोडेनात जे चालले होते तेच, फक्त घामाने अधिक भिजून.

माझ्याकडे एक डिलाइट आहे, साठीच्या दशकातली. ती ठेवण्यात सुख कसले, असे मला दर दिवाळीला कुणीतरी पाहुणा विचारतो. खिशाचे सुख नाही, हे आधी कबूल. थंडीच्या सकाळी चोक ओढून, पेडल हलके दाबून, तिचा नूर पाहूनच किल्ली फिरवावी लागते. बॅटरीने पाठ फिरवली तर हँडल मारायची सोय आहे, आणि हँडल मारणारा माणूस दिसला की गल्लीतली पाच-सात मुले गोळा होतात. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत तो घालायचा तर क्लच दोनदा दाबून मध्ये पेडलचा एक हलका ठोका द्यावा लागतो. तो ठोका चुकला तर गाडी दात खाते. जमला तर मात्र तबल्यावर सम आल्यासारखे वाटते. हे सुख नव्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीच्या मालकाला कसे सांगावे? त्याला ठोकाही नाही आणि समही नाही.

चाळीस अश्वांची खरी गंमत अशी, की ते सगळेच्या सगळे कामाला लावता येतात. पाचशे अश्वांची परदेशी गाडी शास्त्री मार्गावर सिग्नलला उभी असते तेव्हा तिचे चारशे नव्याण्णव अश्व तबेल्यात पेंगत असतात. डिलाइट घेऊन जुन्या रस्त्याने बोरघाट चढून पाहा. खोपोली सोडल्यावर तिसरा गिअर, चढ उभा झाला की दुसरा. वळणाआधीच वेग हेरून ठेवायचा, कारण एकदा गमावलेला वेग ही गाडी उधार देत नाही. मागे पाती, पुढे स्प्रिंगा, वजन नऊशे किलोंच्या आतबाहेर, ओढ मागल्या चाकांची. वळणात ती किंचित झुकते, रस्त्याची खबर चाकातून थेट तळहातात येते. शिंग्रोबाच्या देवळाशी नाणे टाकून पुढे निघावे, तोवर उष्णतेचा काटा उजवीकडे सरकू लागलेला असतो. मग खंडाळ्याला थांबून तिला पाणी, आपल्याला चहा. ताशी चाळीसच्या वेगात नुवोलारी झाल्याचा भास देणारी दुसरी गाडी मला ठाऊक नाही, आणि पोलिसाची चिठ्ठीही येत नाही.

तिची सेवा हाही एक छंदच. पुढच्या चाकांच्या किंगपिनना वेळेवर ग्रीस मारावे लागते, नाही तर स्टिअरिंग रुसते. सॉलेक्स कार्ब्युरेटरचे जेट फुंकून साफ करणे हे काम तर घरच्या पोरांनाही शिकवता येते. सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउसची दुकाने, कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवरचे भंगारवाले आणि चोरबाजार अशी प्रदक्षिणा घालावी लागते, आणि हवी असलेली वस्तू सोडून दुसऱ्याच दोन घेऊन माणूस घरी येतो. जुने मिस्त्री आता थोडे राहिले. त्यांतले जाणते बॉनेट उघडण्याआधी दोन मिनिटे नुसते ऐकतात. ती दोन मिनिटे त्यांच्याशी बोलू नये.

आणि माणसे! पेट्रोलपंपावर, नाक्यावर, सोसायटीच्या दाराशी कुणी ना कुणी थांबतोच. एकाच्या वडिलांनी अशाच गाडीतून नवी सून घरी आणलेली असते, दुसरा स्वतः तिच्या मागल्या बाकावर जवळजवळ जन्मलेला असतो. तिसरा कधी काळी टॅक्सी चालवीत असे. तो बोलत नाही, नुसता गिअरच्या दांड्यावर हात ठेवून पाहतो. लाखांच्या गाडीपाशी लोक तिची किंमत विचारतात. या गाडीपाशी उभे राहून ते आपली हकीगत सांगतात.

तरीही जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत तिला मान दुय्यम. राजेरजवाड्यांच्या रोल्स आणि पॅकार्ड समोर, आमची फियाट कोपऱ्यात. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचेही हेच. मिकेलोत्ती या इटालियनाने रेखलेली ती गाडी, तिचाच सांगाडा आखूड करून विलायतेत ट्रायम्फ स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्‌स मोटार काढली. स्पिटफायर दिसली की लोक टाळ्या वाजवतात आणि हेराल्ड दिसली की हसतात. आपल्या रस्त्यावर रोज दिसले त्याचे मोल करायला आपण थोडे उशिराच शिकतो, असे मला या मेळाव्यांत नेहमी वाटते.

पुढची कथा थोडक्यात. १९८५ मध्ये कंपनीने दुसरी एक गाडी काढली, नव्वदीत फ्रान्सच्या पेजोशी सोयरीक केली, संप झाले, आणि शतक पालटता पालटता पद्मिनीचे उत्पादन थांबले. कुर्ल्याचा कारखाना फियाटच्या ताब्यात गेला. तेथून काही वर्षे उनो आणि मग पालिओ निघाली. तिच्या १.६ लिटरच्या आवृत्तीत पुन्हा तो जुना इटालियन खोडकरपणा होता. तिचेही फारसे कौतुक झाले नाही. मग तेही बंद झाले, आणि कारखान्याच्या जागी आज कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरअखेर ताडदेवला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत काळीपिवळी पद्मिनी नाही. लोकांनी त्या दिवशी फार हळहळ व्यक्त केली. आदल्या दिवसापर्यंत तिच्यात बसायला तेच लोक नाखूश होते.

आता उरल्या त्या खासगी फियाटी. त्यांची गोष्ट जरा अडचणीची आहे. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करायचे, आणि मग दर ५ वर्षांनी. मोटारीसाठी हे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले, २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढले. शिवाय पर्यावरण कर. गाडी ५० वर्षांची झाली आणि मूळ रूपात राखलेली असली, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज पाटी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतेच रस्त्यावर यायचे. माझी डिलाइट पन्नाशी ओलांडून गेली आहे. विंटेजची पाटी लावली तर तिला मान मिळेल, पण भाजी आणायला नेता येणार नाही. अर्ज भरून टेबलावर ठेवला आहे. तूर्त रोज सकाळी तिला घेऊन भाजीला जातो.